परीटघडी आणि पिळवणूक

धुण्याच्या कामाशी नातं सांगणारे दोन शब्द मराठीत रुळले आहेत. एक परीटघडी, दुसरा पिळवणूक. पहिला शब्द आपण पुढाऱ्यांच्या आणि लग्नातल्या पाहुण्यांच्या कडक कपड्यांसाठी वापरतो. दुसरा मोर्चात, अग्रलेखात आणि कामगारांच्या सभेत ऐकू येतो. ‘पिळणे’ या घरगुती क्रियापदातून तो आला आहे, हे बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

या दोन शब्दांच्या मधोमध एक यंत्र उभं आहे. एकावर एक बसवलेली दोन रबरी लाटणी, बाजूला फिरवायचा दांडा. ओला कपडा त्यातून सरकवला की पाणी अलीकडे गळतं आणि कपडा पलीकडून दमट, चपटा होऊन निघतो. इंग्रजीत त्याला रिंगर म्हणतात. अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या ते घराघरांत होतं. तिथले हौशी लोक आज अशी जुनी यंत्रं शेतघरांच्या लिलावातून शोधून आणतात, दुरुस्त करतात, चालू करून दाखवतात. आपल्या घरांत मात्र ते आलंच नाही. का आलं नाही, हे शोधताना आपल्या गावगाड्याचा बराच इतिहास हाती लागतो. तो आज सांगते.

माझं माहेर बीड जिल्ह्यात, नारायणगडाच्या परिसरात. 2024 च्या दसऱ्याला मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा इथे झाला, तेव्हा गडाचं नाव राज्यभर गेलं. आमच्याकडे मात्र त्याची ओळख जुनी आहे. नगद नारायण महाराजांचं हे संस्थान, लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही, ते गडावर येतात. त्या दिवशी वाटेवर नजर टाकली तर पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. ईदच्या सकाळी ईदगाहवर बघावं तर तिथेही पांढरंच. दोन्हीकडच्या पांढऱ्यामागे आदल्या चार दिवसांतली कुणाच्या तरी मनगटांची मेहनत असते. गडाचा इतिहास सांगितला जातो, ईदगाहचाही सांगितला जातो. मनगटांचा कुणी सांगत नाही.

धुणं म्हटलं की लोकांना आपटणं आठवतं. ज्यांनी आयुष्यभर धुणं धुतलं त्यांना विचारा, त्या पिळणं सांगतील. सुती कापड स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पाणी धरून ठेवतं. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरहून जास्त कापड. ते भिजलं की एका बाईच्या दोन हातांत मावत नाही. मग एक टोक खुंटीला अडकवायचं किंवा पायाखाली धरायचं आणि दुसऱ्या टोकाकडून पीळ देत यायचं. गोधडीला तर दोघी लागतात. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, एकीने उजवीकडे तर दुसरीने डावीकडे फिरवायचं. घटस्थापनेच्या आधी शेजारच्या काकूंच्या घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर निघायचं, रमजानच्या आधी आमचं. काकूंच्या गोधडीचं दुसरं टोक माझ्या अम्मीच्या हातात असायचं आणि आमच्या रजईच्या खोळीचं दुसरं टोक काकूंच्या. भाईचाऱ्यावर भाषणं पुष्कळ झाली, पण या कामाची नोंद कुणी केल्याचं मी पाहिलं नाही.

आमच्या घरांत पिळण्याला आणखी एक अर्थ आहे. हनफी फिक्हचा नियम असा की कपड्याला न दिसणारी नापाकी लागली, तर तो तीन वेळा धुवायचा आणि दर वेळी पिळायचा. तिसऱ्यांदा तर अंगातली ताकद लावून, थेंब गळायचा थांबेपर्यंत. दादी म्हणायची, “तीन बखत निचोड, तबीच पाक होता.” लहान मुलांच्या घरात हे तीन वेळा पिळणं दिवसातून कितीदा होत असेल, याचा हिशेब करून बघा. फुकहांनी ज्या वस्तू पिळता येत नाहीत त्यांचाही विचार केलेला आहे. त्या धुऊन पाणी निथळेपर्यंत ठेवायच्या, आणि असं तीनदा करायचं. म्हणजे पिळणाऱ्या हाताला मर्यादा असते, हे त्यांना ठाऊक होतं. घरातल्यांना ते किती ठाऊक होतं, हा वेगळा प्रश्न आहे.

गावात दुसरे हात होते परटाचे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’त बलुतेदारांचं जे जग आहे, त्यात परीट आहे. आमच्यातला मुलाणीही बलुत्याच्या काही याद्यांत येतो. कुणब्याच्या खळ्यावर धान्य तयार झालं की बलुतेदाराने आपला वाटा न्यायचा, ही रीत. धुण्याचा दर कपड्यावर नव्हता, वर्षावर होता. लग्नात नवरा-नवरीच्या वाटेवर पायघड्या घालायचा मान परटाचा. मान होता, पण तोच पायघड्या घालणारा माणूस पंगतीत कुठे बसायचा, हे जुन्या माणसांना विचारलं की ती विषय बदलतात.

परटाचं काम पाण्याशी आणि दगडाशी संपत नसे. त्याला रसायनं कळत. भट्टी लावून कपडे वाफवायचे, सोडा किती घालायचा, खळ किती, नीळ किती, हे सगळं हाताच्या अंदाजाने. कुणाचा कपडा कुणाचा हे ओळखायला तो बिब्ब्याच्या रसाने खूण करायचा, वरून चुना लावला की खूण काळी पक्की होई, किती धुतली तरी न जाणारी. इंग्रजीत बिब्ब्याला ‘मार्किंग नट’ हेच नाव पडलं. बिब्बा उततो हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. ज्याची बोटं रोज त्यात बुडायची, त्याच्या कातडीचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

गोऱ्या फौजेने धोब्याची आठवण वेगळ्याच प्रकारे ठेवली. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिन्जन्टच्या घोडदळाची छावणी होती. छावणी आली की तिच्यामागे धोबी, भिश्ती, मोची आलेच. हिंदुस्थानच्या उकाड्यात सोल्जरांना जांघेत गजकर्ण व्हायचं. त्याला त्यांनी नाव दिलं ‘धोबी इच’, म्हणजे धोब्याची खाज. इंग्रजी शब्दकोशांत ते अजून आहे. घाम सोल्जरचा, आणि नाव मात्र कपडे धुणाऱ्याचं.

मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट 1890 मध्ये बांधला गेला. रांगेने दगडी हौद, प्रत्येक हौदाला आपटायचा दगड. तोपर्यंत रिंगर अमेरिकेत आणि युरोपात सर्रास विकलं जात होतं. शहरभरचे कपडे जिथे यायचे त्या घाटाची रचना मात्र माणसाच्या खांद्यावर आणि मनगटावर बेतलेली होती. आणि याच काळात विदर्भात, परीट समाजातल्या एका घरात वाढलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर हा तरुण पुढे गाडगेबाबा व्हायचा होता. 1876 मध्ये शेंडगावला त्यांचा जन्म. ज्या जातीने गावाला परीटघडी दिली, तिच्यातला हा माणूस आयुष्यभर चिंध्यांची गोधडी पांघरून फिरला. लोक त्यांना गोधडेबाबाही म्हणत. हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनातून लोकांची डोकी साफ करायची. धुण्या-झाडण्याचं काम हलकं नाही, ते हलकं मानणारं मन हलकं आहे, हे त्यांच्या अख्ख्या जगण्यातून दिसतं.

आता रिंगरकडे वळू. लाटण्यांखाली कपडा दाबायची कल्पना युरोपात जुनी आहे. सुरुवातीला दगडांनी भरलेली मोठी लाकडी पेटी कपड्यांवरून पुढे-मागे सरकवत. पुढे दोन लाकडी लाटणी आणि दांडा आला. पण लाकूड कडक. बटणं फुटायची, जाड-पातळ कपडा सारखा दाबला जायचा नाही. चार्ल्स गुडइयरने गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करायची पद्धत शोधली, 1844 मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि मग लाटण्यांवर रबराचं आवरण चढवणं शक्य झालं. रबर कपड्याच्या जाडीप्रमाणे दबतं. वरच्या पेचाने दाब कमी-जास्त करता येतो. एका लुगड्याला पीळ द्यायला जेवढा जोर लागतो, त्याच्या काही अंश जोरात दांडा फिरतो आणि मनगट मुरडावं लागत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा.

या यंत्राच्या इतिहासात एक नाव मला फार महत्त्वाचं वाटतं. एलन एग्लिन. वॉशिंग्टनमध्ये लोकांच्या घरी काम करणारी काळी बाई. तिने एक सुधारित रिंगर तयार केला आणि 1888 मध्ये त्याचे हक्क एका एजंटला 18 डॉलरला विकून टाकले. शार्लट स्मिथ नावाची बाई स्त्री-संशोधकांविषयी एक छोटं नियतकालिक काढत असे. तिने कारण विचारलं तेव्हा एग्लिनने जे सांगितलं त्याचा आशय असा की, मी काळी आहे; निग्रो बाईने हे शोधलं आहे असं कळलं तर गोऱ्या बायका ते विकत घेणार नाहीत. यंत्र बाजारात गेलं, एग्लिनचं नाव गेलं नाही. लोकांच्या घरी कपडे पिळायची वेळ जिच्यावर यायची, तिलाच पिळण्याचं दुखणं समजलं होतं. पण त्या समजेचे पैसे दुसऱ्याला मिळाले.

त्याच्या सात वर्षं आधी, 1881 च्या जुलैत, अटलांटा शहरातल्या वीस धोबिणींनी एकत्र येऊन संघटना काढली आणि बारा पौंड कपड्यांना एक डॉलर असा दर मागून संप केला. तीन आठवड्यांत त्यांची संख्या तीन हजारांवर गेली. गुलामगिरी संपून जेमतेम सोळा वर्षं झाली होती. याच गुलामगिरीच्या निर्मूलनासाठी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं होतं. आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांची स्थिती आणि तिकडच्या काळ्या माणसांची स्थिती फुल्यांनी शेजारी ठेवून पाहिली. मी परीट आणि एग्लिन यांना शेजारी ठेवते आहे, ती वाट त्यांनीच घालून दिलेली आहे.

यंत्राची पुढची पायरी आयोवा राज्यातल्या न्यूटन गावात पडली. तिथे मेटॅग नावाची कंपनी शेतीची अवजारं करायची. अवजारांची विक्री हंगामी. बाकीच्या महिन्यांत कारखान्याला काम हवं म्हणून 1907 मध्ये त्यांनी धुण्याचं यंत्र काढलं. शेतघरांत वीज नव्हती. म्हणून 1914-15 च्या सुमारास त्यांनी यंत्राखाली छोटं पेट्रोल इंजिन बसवलं, पायाने किक मारून सुरू करायचं. धूर बाहेर सोडायला नळी खिडकीतून काढायची. 1922 मध्ये ॲल्युमिनियमच्या टबातलं नवं यंत्र आलं. टबाच्या तळाशी फिरणारं चक्र कपडे घुसळायचं आणि टबाच्या कडेवर बसवलेला रिंगर ते पिळायचा. मेटॅगने रिंगरची यंत्रं 1983 पर्यंत बनवली.

इतकी वर्षं ती का टिकली? कारण पाणी. शेतघरातली बाई विहिरीवरून पाणी आणायची, चुलीवर तापवायची. ते साबणाचं गरम पाणी एकदा वापरून फेकणं परवडणारं नव्हतं. म्हणून आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी शेतात मळलेले, असे तीन-चार घाणे एकाच पाण्यात निघत. प्रत्येक घाण्यानंतर रिंगर कपड्यातलं साबणपाणी पुन्हा टबात सोडायचा. म्हणजे रिंगर हे पाण्याची टंचाई असलेल्या घरांसाठी फार सोयीचं यंत्र होतं. वीज न वापरणारे अमेरिकेतले आमिश लोक आजही ते वापरतात. हे वाचताना मला 2016 चा उन्हाळा आठवतो. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आमच्याकडे टँकरची वाट बघत, पिळलेलं पाणी बादलीत धरून त्यातच पायपुसणी धुतली जायची. रिंगरचं तत्त्व आमच्या बायकांना पाठ होतं, यंत्र तेवढं नव्हतं.

रिंगर निर्दोष नव्हता. लाटणी कपडा आणि बोट यांत फरक करत नाहीत. विजेवर चालणारे रिंगर आले तशा मुलांचे हात त्यात ओढले जाण्याच्या घटना इतक्या वाढल्या की 1938 मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय लेखनात ‘रिंगर आर्म’ असं त्या दुखापतीला नाव मिळालं. वरून दिसायला कातडी थोडी सोललेली, आतून मांस आणि रक्तवाहिन्या चेंगरलेल्या. नंतरच्या यंत्रांवर धक्का बसताच लाटणी सुटी करणारी पट्टी आली.

आमच्या भागाला हे ऐकून चरक आठवेल. रसवंतीवर ऊस खाताना लाटणी फिरतात ती हीच. 1870 च्या दशकात बिहारमधल्या बिहिया इथे थॉमसन आणि मिल्न या दोघांनी बैलाने फिरणारा लोखंडी लाटण्यांचा चरक बनवला आणि तो देशभर पसरला. म्हणजे लाटण्यांमध्ये दाबून द्रव काढायचं यंत्र खेड्यात आलं नव्हतं असं नाही. ते उसासाठी आलं. किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर काढला, कडबा कापायचं यंत्र काढलं. इचलकरंजीच्या सायझिंगमध्ये सुताला खळ लावल्यावर ती पिळून काढायला रबरी लाटणी आहेतच. कापड प्रक्रियेच्या कारखान्यांत अशा लाटण्यांना मँगल म्हणतात. ज्या वस्तूला बाजारात भाव होता, तिच्यासाठी यंत्र आलं. गूळ विकला जातो, सूत विकलं जातं. घरातलं पिळलेलं लुगडं विकलं जात नाही.

माझ्या मते मूळ कारण हे आहे. यंत्र विकत घेणारा आधी हिशेब करतो की यामुळे मजुरी किती वाचेल. आपल्याकडे पिळण्याची मजुरी कागदावर कधी आलीच नाही. घरात ती बाईचं कर्तव्य होती, गावात ती खळ्यावरच्या सुपाभर धान्यात मिटत होती. ज्या मेहनतीची किंमत मांडली नाही, ती वाचवायला पैसे कोण खर्च करणार? आणि बीड जिल्ह्याला तर चरकाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. दरवर्षी इथून ऊसतोड मजूर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. 2019 मध्ये त्यातल्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, समिती बसली. खाडा पडला तर दंड, म्हणून दुखण्याचं मूळच काढून टाकायचं. पिळवणूक हा शब्द तिथे अलंकार म्हणून वापरता येत नाही, तो जसाच्या तसा लागू पडतो.

यंत्राने सगळं सुटतं असंही नाही. रूथ श्वार्त्झ कोवन या इतिहासकार बाईंचं 1983 चं पुस्तक आहे, घरातल्या यंत्रांनी आईचं काम कसं वाढवलं यावर. त्यांचं म्हणणं असं की यंत्र आलं तसं धोबी, मोलकरीण, पुरुष आणि मुलं या कामातून बाजूला झाली. स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या. आणि सगळं एकट्या बाईवर येऊन थांबलं. आपल्याकडेही पाहा. आठवड्याला बदलणाऱ्या चादरी आता दोन दिवसांनी मशीनमध्ये पडतात. “मशीन तर आहे” हे वाक्य घरातल्या बाईला उद्देशूनच म्हटलं जातं.

मराठवाड्यात धुण्याचं यंत्र आलं ते रिंगरला ओलांडून. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने पैठण रस्त्यावर चितेगावला कारखाना उभारला आणि 1980 च्या दशकाच्या शेवटापासून दोन टबांची मशीनं इकडच्या घरांत दिसू लागली. एका टबात धुणं, दुसऱ्यात गरगर फिरवून पाणी काढणं. दुसऱ्या टबाला आपण ड्रायर म्हणतो. तो वाळवत नाही, पिळतो. या मशीनला नळाची धार लागत नाही, बादलीने पाणी ओतता येतं. साबणाचं तेच पाणी दुसऱ्या घाण्याला चालतं. टँकरच्या गावाला हे जमणारं होतं. पाणी जपण्याचं रिंगरचं काम रिंगर न बघता आमच्याकडे पोचलं. 2018 मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण त्या काळातली मशीनं अजून अनेक अंगणांत टिनाच्या पत्र्याखाली उभी आहेत.

ती चालू ठेवणारे लोक हेच आपल्याकडचे खरे जतन करणारे आहेत. माझे एक मामू बीडमध्ये मशीन दुरुस्तीचं काम करतात. त्यांच्या शेडमध्ये पंधरा-वीस मेलेली मशीनं कायम असतात. एकाची स्पिन मोटर, दुसऱ्याचा टायमर, तिसऱ्याचा पल्सेटर, असं करून ते चौथं जिवंत करतात. ड्रायर फिरेना तर आधी कपॅसिटर बघायचा, मग झाकणाखालची ब्रेक वायर, मग ड्रायरच्या तळाचं रबर. मी एकदा त्यांना म्हणाले, “मामू, तुमच्याकडे तर म्युझियमच आहे.” ते म्हणाले, “म्युझियम नइं बेटा, भंगार है. जिस दिन चालू करके दिया, उस दिन मशीन है.”

तिकडे अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या ईटन इथे ली मॅक्सवेल या विद्युत अभियांत्रिकीच्या निवृत्त प्राध्यापकांनी हजाराहून जास्त जुनी धुण्याची यंत्रं गोळा करून संग्रहालय केलं. त्यांच्या पुस्तकाच्या नावातच बायकांचे प्राण वाचवण्याचा उल्लेख आहे. रिंगर दुरुस्त करताना जी कामं करावी लागतात, ती मामूंना लगेच कळतील. वर्षानुवर्षं दाबाखाली राहिलेलं रबर एका बाजूने चपटं होतं, कडक होऊन तडकतं. ते खरवडून दांड्यावर नवं चढवावं लागतं. म्हणून जाणकार सांगतात की काम झालं की पेच सैल करून ठेवावा. गिअरमधलं जुनं तेल गोंदासारखं घट्ट झालेलं असतं, ते काढून सगळं धुऊन पुन्हा भरायचं. लाकडी टब सुकून फटी पडलेल्या असतात. त्यात दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवलं की लाकूड फुगतं आणि फटी आपोआप बुजतात.

पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी जमवली आणि अख्खं राजा केळकर संग्रहालय उभं राहिलं. रोजच्या वापरातल्या वस्तूंना इतिहास असतो, हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवलं. आपल्या जिल्ह्यात कुणी असं काम धुण्याच्या वस्तूंसाठी करायला हवं. आमच्या दखनीत जिला मोगरी म्हणतात ती कपडे बडवायची लाकडी पट्टी, कोळशाची इस्त्री, भट्टीचं भांडं, बिब्ब्याची खूण असलेला एखादा जुना सदरा, आणि दोन पिढ्यांच्या आपटण्याने मध्ये खोलगट झालेला धुण्याचा दगड. घरं पाडून नवी बांधताना हे दगड पायात जातात किंवा रस्त्याच्या खडीत.

पण नुसत्या वस्तू गोळा करून पुरणार नाही. एलन एग्लिनचं नाव आज आपल्याला माहीत आहे, ते तिच्या यंत्रामुळे नाही. एका बाईने तिला विचारलं आणि उत्तर छापून ठेवलं, म्हणून माहीत आहे. आपल्या गावात भट्टी लावणाऱ्या शेवटच्या परटाचं नाव काय होतं? तुमच्या घरातली गोधडी दुसऱ्या टोकाने कोण धरायचं? ही माहिती असलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. गणपतीला, ईदला घरी जाल तेव्हा त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. नाव, गाव, कुणाकुणाच्या घरचं धुणं, मोबदला काय मिळायचा, हाताला काय व्हायचं.

अम्मीकडे गेल्या वर्षी मशीन आलं. ड्रायरमधून निघालेला नमाजचा कपडा ती अजूनही हातात घेऊन एकदा पिळून बघते. एक थेंबही गळत नाही. मग ती मनगट चोळते, आणि कपडा वाळत घालायला माझ्या भावाकडे देते.